माप

रात्री साडेनऊला गंगावेशीत म्हैस उभी करतो.
गिऱ्हाईक ग्लास पुढं धरतं, मी धार सोडतो,
फेस काठाला आला की हात आपोआप थांबतो.
बावीस वर्षं झाली. माप चुकलं नाही कधी.

आता सीपीआरमध्ये खाटेखाली वाकून
प्लास्टिकच्या पिशवीवरच्या रेघा वाचतो.
शंभर, दोनशे, वरपर्यंत छापलेल्या,
आणि तळाला काळ्या चहाच्या रंगाचं
बोटभर काहीतरी. कालपासून तेवढंच.
मुल्लाणी सिस्टर वहीत लिहितात, तीस.
"चोवीस तासांचं?"
त्या पेनाला टोपण लावतात.

शालन केएमटीत कंडक्टर.
सव्वासहाला पहिली फेरी. पाणी घोटभर,
तेही गोळी गिळायचं असलं तर.
"शेवटच्या थांब्यावर बाईमाणसानं जायचं कुठं?
ड्रायव्हर भिंतीकडं तोंड करतोय.
प्यालोच न्हाई तर लागत न्हाई," म्हणायची,
सुट्ट्या पैशांचा हिशोब जुळावा तशी खूश.

जळजळ महिनाभर होती म्हणे.
हे मला कळलं
एक डॉक्टर दुसऱ्याला सांगताना.
मग पाठीत कळ, बरगडीखाली, उजवीकडं.
सोमवारी हुडहुडी भरली. दोन वाकळा घातल्या
तरी दात वाजत होते.
मेडिकलवाल्यानं कागदात तीन गोळ्या दिल्या.
मंगळवारी म्हणाली, "मी जातो ड्युटीला, रजा संपल्यात."
गेली.

त्याच मंगळवारी
मोरणीनं पेंड हुंगून सोडली,
मुतली तेव्हा रंग जरा गडद वाटला.
तशीच गाडी काढली, जनावरांचा डॉक्टर गोठ्यात आणला,
सहाशे रुपये मोजले.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टर पोरगाच आहे, आमच्या थोरल्याच्या वयाचा.
केसपेपरच्या पाठीवर घेवड्याचे दोन दाणे काढले,
खालनं वर एक बाण.
"इन्फेक्शन इथनं चढलं. रक्तात गेलं, प्रेशर पडलं,
दोन्ही किडन्या बंद."
बंद म्हणजे?
"कायमच्याच असं नाही, मामा. पुष्कळदा उठतात.
वाट बघायची."

तेवढं मला येतं.
म्हैस पान्हा चोरते तेव्हा काय करायचं,
कट्ट्यावर कुणालाही विचारा.
मारून उपयोग नाही, ओरडून तर नाहीच.
कासेला कोमट पाणी, पाठीवरनं हात,
आपलं लक्ष दुसरीकडंच आहे असं दाखवायचं
आणि ग्लास घेऊन उभ्या गिऱ्हाइकाला
डोळ्यानं सांगायचं, थांब जरा.

तिच्या मानेत नळी आहे.
मशीन रक्त नेतं, धुतं, परत आणतं. चार तास.
पंचगंगेवर अख्खी म्हैस धुवायला मला अर्धा तास पुरतो.
तोंड सुजलंय, बोटं सुजलीत,
जोडवी कापून काढली, माझ्या खिशात आहेत.
पाणी मागते.
जन्मात मागितलं नाही, ते आता मागते,
आणि आता मोजून द्यायचं, दिवसाला चार कप,
औषधाचं त्यातच धरून.
कापूस भिजवून ओठांवरनं फिरवतो.
ती झोपेत म्हणते, "सुट्टे काढा, सुट्टे."

तिसऱ्या डायलिसिसनंतरची पहाट.
बाहेर कुणीतरी बादली भरत होतं.
वाकलो. चष्मा नव्हता. मोबाइलचा उजेड धरला.
साठ? नाही.
साठाच्या वर. नव्वद.
रंगही जरा उतरलेला.

सिस्टरना हाक मारली नाही.
फरशीवर बसलो पिशवीसमोर.
नळीत एक थेंब यायचा, अडायचा, परत यायचा.
धारेला आवाज असतो,
बादलीच्या बुडाला पहिली लागते तेव्हा तर लांबवर जातो.
ह्याला नव्हता.

मी खाटेच्या दांडीवरनं
हात फिरवत राहिलो, वरनं खाली,
आणि बघत राहिलो खिडकीकडं,
लक्ष नसल्यासारखा.